खालच्या अंगाची वाडी

धोंडगंगेवर वरच्या अंगाला, घाटाखाली धरण झालं आणि लोणखेडीच्या लोकांना आपली नदी पहिल्यांदाच भर पावसाळ्यात हडकलेली दिसली. आधी कोणी मनावर घेतलं नाही. येईल, उद्या येईल, म्हणत श्रावण गेला, पोळा गेला. पूर काही आला नाही. दरसाल तो यायचा, काठावरचे दोन-चार गोठे भिजवायचा, एखादी शेळी न्यायचा, शिव्या खायचा आणि ओसरताना वाळूवर काळाशार गाळ पसरून जायचा. त्या गाळाच्या जिवावर लोणखेडीच्या डांगरवाड्या होत्या. पूर शिव्या खाऊन का होईना पण गावाचं पोट भरून जात होता, हे गावाला तो येईनासा झाला तेव्हा कळलं.

डांगर म्हणजे इकडचं खरबूज. लोणखेडीच्या डांगराची पाटी पिंपळगाव राजाच्या बाजारात उतरली की वासानेच लोक माना वळवत. हे डांगर शेतात होत नाही, नदीच्या वाळूत होतं. दिवाळी झाली की सारं गाव पात्रात उतरायचं, दोर टाकून वाळूचे पट्टे पाडायचं आणि कवड्या टाकून कोणाचा पट्टा कोणता ते ठरवायचं. नदी सरकारची असेल, वाळू गावाची, असा तिथला जुना कायदा. कवडीने दिलेला पट्टा गोड मानून घ्यायचा, त्यावर भांडण नाही.

या वर्षी कवडीने गोजरबाईला डोहाचा पट्टा दिला आणि बाया तोंडाला पदर लावून हसल्या. पात्रातली सगळ्यात खोलगट जागा ती. एरवी तिथे होळीपर्यंत पाणी हटत नसे, म्हणून तो पट्टा ज्याच्या वाट्याला यायचा त्याचं वर्ष वाया जायचं. गोजरबाईने कोणाकडे पाहिलं नाही. कुदळ खांद्यावर टाकून ती सरळ डोहात उतरली. हसणाऱ्यांसमोर तोंड पाडून बसायचं, हे त्या बाईला आईच्या पोटापासून कोणी शिकवलं नव्हतं.

गोजरबाई अंगाने काटक, आवाजाने खणखणीत आणि मानाला फार जपणारी. नवरा कडूबा तिच्या अगदी उलट, दहा शब्दांच्या जागी एक बोलणारा. धरणाच्या कामावर माती वाहताना त्याच्या गुडघ्यावर दगड घसरला होता, तेव्हापासून तो काठी घेऊन चालायचा. लोणखेडीतल्या निम्म्या घरांनी त्या धरणावर घमेली उचलली होती. कडूबा कधी वैतागला की म्हणायचा, "आपलीच नदी आपनच बुजवली, अन् वरून मजुरी घेतली." एवढंच. मग पुन्हा गप्प.

वाळूत चर खणायचा, ओल लागेपर्यंत खाली जायचं, तळाला शेणखत घालायचं, बी टोचायचं, वाऱ्याने वाळू उडून वेल बुजू नये म्हणून तुऱ्हाट्यांचा, म्हणजे तुरीच्या वाळल्या काड्यांचा, आडोसा करायचा, हे सगळं लोणखेडीला डोळे मिटून येत होतं. पण या साली वरच्या वाळूत चर कमरेइतका गेला तरी ओल लागेना. लोकांनी घागरीने पाणी घालून वेल जगवले. माघात काठावरच्या विहिरींनी तळ दाखवला आणि वेलांची पानं कडेने जळू लागली. गोजरबाईची धाकटी जाऊ झुंबरबाई वरच्या वाळूतल्या आपल्या वाडीत वेलांच्या बुडाशी ओलं फडकं गुंडाळून ठेवायची, तापकऱ्या लेकराच्या कपाळावर ठेवावं तसं. तरी वेल गेले.

आणि डोह? डोहात पाणी नव्हतं, पण ओल होती. गोजरबाईच्या चरात हातभर खाली पाण्याचा झिरा लागला. वेल असे पसरले की पाय ठेवायला जागा उरली नाही. गावात हिरवं म्हणून जे काही राहिलं ते तिच्या वाडीत राहिलं. हसणाऱ्या बाया आता तिच्याच झिऱ्यावर घागरी घेऊन येत आणि गोजरबाई त्यांना भरू देई. टोमणा मात्र चुकत नसे.

"भरा, भरा. हसून हसून नरडं कोल्लं पडलं असंन तुमचं."

होळीच्या सुमाराला पहिली पाटी उतरली. पहिली पाटी दरसाल लेकीच्या घरी जायची. तिची लेक सिंधू वरच्या अंगाला पाडळशाला दिलेली. धरणाचा पाट निघाला तो नेमका पाडळशाच्या शिवारातून. गोजरबाई डोक्यावर पाटी घेऊन गावात शिरली तर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना भर उन्हाळ्यात भुईमूग डोलत होता. पाटात पाणी खळखळ वाहत होतं. ती क्षणभर थांबली. हे पाणी तिच्या ओळखीचं होतं, त्याला फक्त रस्ता दुसरा मिळाला होता. तिला वाटलं, वाकून एक ओंजळ घ्यावी. पण कोणी पाहिलं तर म्हणेल, लोणखेडीची बाई पाण्याला महाग झाली. ती तशीच पुढे गेली.

तिचा व्याही पंजाबराव ओसरीवर बसला होता. माणूस वाईट नव्हता. पाण्याने हात ओला झालेला, त्यामुळे दुसऱ्याला द्यावंसं त्याला फार वाटायचं, आणि देताना आवाज जरा मोठा व्हायचा.

"या, इहीनबाई. ऐकलं मी. वाड्या गेल्या म्हने औंदा साऱ्या लोनखेडीच्या."

"कोन म्हनते?"

"सारेच म्हनून राह्यले. आता मनाले लावून घेऊ नका. कडूबाले घेऊन या इकडं. भुईमूग निंदाले आमाले मानसं लागतेच. परक्याईले काम देतो, तं घरच्याईले नाही देनार काय?"

ओसरीवर आणखी चार माणसं बसली होती. आत दाराच्या फटीशी सिंधू उभी होती, भरत आलेलं पोट पदराखाली घेऊन. तिच्या सासऱ्याने तिच्या आईला मजुरीला बोलावलं होतं, चार माणसांत, पोटातल्या मायेने. गोजरबाईचा चेहरा तापला.

तिने पाटी खाली ठेवली आणि वरचं फडकं झटक्यात ओढलं. वास ओसरीभर झाला.

"इवाईबुवा, ज्यानं सांगतलं त्याचे डोये फुटले असतीन. आमची वाडी औंदा आली तशी कधी आली नोती. पानी काय अन् धरन काय! लोनखेडीचं काहीच बिघडलं नाही."

पंजाबरावाने एक डांगर हातात घेतलं, हुंगलं आणि मान हलवली. गोजरबाई जिंकून घरी आली. वाटेत कोणाशी बोलावं लागू नये म्हणून तिने गाणं म्हटलं.

पुढच्या सोमवारी कोतवाल तुळशीरामने हाळी दिली. धरणाने कोणाचं भलं झालं आणि कोणाचं बुडालं, ते पाहायला सरकारचे साहेब गावोगाव फिरत आहेत, परवा लोणखेडीला येणार. सरपंच उत्तमरावांनी सगळ्यांना पारावर बोलावलं. उत्तमराव जुनी मॅट्रिक, बोलताना प्रत्येक वाक्याला बोट उचलायचे.

"पाडळशावाल्याईचं भलं झालं, ते साहेबाच्या कागदावर गेलं. आता आपलं बुडालं तेही जाऊ द्या. खालच्या गावाईचं नुकसान हाय असं ठरलं, तं पाट बंद करून धरनाचं पानी नदीत सोडतीन. एक डाव सोडलं तरी विहिरी भरतीन, ढोरं जगतीन, वरल्या वाड्याईच्या बुडाले ओल जाईन. जे वेल राह्यले ते तरी उठतीन."

"अन् नाही ठरलं तं?" कोणीतरी विचारलं.

"तं ढोरं बाजाराले न्या." उत्तमरावांनी बोट खाली घेतलं. मग ते गोजरबाईकडे वळले. "गोजरवैनी, साहेबाले आमी वरल्या वाळूतून फिरवतो. डोहाकडं आनत नाही. तुमी फक्त गप राह्यजा."

"मी काय बोलते कोनाले?" गोजरबाई म्हणाली, आणि सगळं गाव हसलं. तीही हसली.

घरी जाताना कडूबा काठी टेकत मागून येत होता. म्हणाला, "पानी सुटलं तं आंधी डोहातच उतरंन."

"मले समजते."

"वाडी जाईन."

"समजते म्हनलं नं."

डांगरं अजून हिरवी होती, पहिला तोडा तेवढा झालेला. खरा माल चैत्रात उतरायचा. गावासाठी पाणी मागायचं तर आपल्या वाडीवर आपणच पाणी सोडायचं, हे तिला पारावरच उमगलं होतं आणि ती तिथे गप्प राहिली होती. का गप्प राहिली, हे तिने स्वतःलाही नीट विचारलं नाही.

साहेब आले ते ऐन उन्हात. जीप काठावर वाळूत रुतली, म्हणून पायीच उतरले. पन्नाशीचा, ढेरपोट्या, सज्जन चेहऱ्याचा माणूस. डोक्यावर टोपी, हातात पेन, मानेवर ओला रुमाल. उत्तमरावांनी ठरल्याप्रमाणे वरच्या वाळूतून फिरवलं. जळालेले वेल, कोरडे चर, तळाशी चिखल असलेली विहीर, हाडं निघालेल्या गाई, सगळं दाखवलं. झुंबरबाईने वेलाला गुंडाळलेलं फडकं दाखवलं. साहेब वाकून पाहत होते, लिहीत होते. सगळं सुरळीत चाललं होतं.

गोजरबाई डोहात आपल्या मांडवाखाली पाठ करून बसली होती. गप्प बसायचं म्हणून तिने तोंडात पदराचा बोळा धरला होता. पण ती चोरून पाहत होतीच. साहेबांचा चेहरा लाल झाला होता, पाय वाळूत घसरत होते. उन्हात आलेला माणूस, तोंड कोरडं, आणि तिच्या वाडीला वळसा घालून तसाच चालला. असा कधी कोणी गेला नव्हता. वाटसरू जाऊ दे, भिकारी जाऊ दे, एकदा चोर सापडला होता त्यालाही कडूबाने दोन रट्टे दिल्यावर तिने डांगर कापून दिलं होतं. वाडीवरून माणूस उपाशी गेला तर वाडीला नजर लागते, असं तिची सासू सांगायची. गोजरबाईचा नजरेवर फारसा विश्वास नव्हता. पण माणूस तसाच जातो म्हणजे आपल्याकडे द्यायला काही नाही, असा त्याचा अर्थ होतो. तो अर्थ तिला सोसेना.

"साहेब!" ती उठून ओरडली. "असे कसे चालले? इकडं या, सावलीत!"

उत्तमरावांनी बोट उचललं, पण साहेब वळले होते. हिरवळ पाहून ते थबकले आणि मग लहान मुलासारखे भराभरा उतरले. मांडवाखाली बसले. गोजरबाईने वाडीतलं सगळ्यात चांगलं डांगर निवडलं, बोटाने टिचकून पाहिलं, कापलं. आतून केशरी फाक निघाली. साहेबांनी एक खाल्ली, दुसरी खाल्ली, रुमालाने हनुवटी पुसली आणि डोळे मिटले. मागे गाव उभं होतं.

"बाई, असं फळ मी जन्मात खाल्लं नाही," साहेब म्हणाले. "पुराचं पाणी नाही, गाळ नाही, तरी असं येतं?"

इथेही ती गप्प बसली असती तर निभावलं असतं. पण साहेबाच्या तोंडातून कौतुक निघालं, मागे सारं गाव होतं, आणि पंजाबरावाची ओसरी तिच्या डोक्यातून अजून गेली नव्हती.

"काऊन नाही येनार? आमच्या हाताचं हाय ते. धरनानं लोनखेडीचं काय बिघडते, साहेब!"

साहेब हसले. पेन उघडलं, आणखी काही लिहिलं. मग जाताना म्हणाले, "मेहनती माणसाचं नदीवाचून काही अडत नाही, हेच खरं." उत्तमराव त्यांच्यामागे जीपपर्यंत बोलत गेले. साहेब मान हलवत होते, पण पेन खिशात गेलं होतं.

जीप गेल्यावर कोणी गोजरबाईला शिव्या दिल्या नाहीत. त्याचंच तिला नवल वाटलं. शिव्या आल्या असत्या तर तिच्याकडे उत्तरं होती. लोक सरळ घरी गेले. दुपारी झिऱ्यावर एकही घागर आली नाही. उन्हं उतरल्यावर झुंबरबाई आली, रिकाम्या हाताने. झिऱ्याच्या काठावर बसली.

"बाई, तुमचं डांगर गोड होतं," ती म्हणाली. "साहेबाच्या हनुवटीवरून रस गळून राह्यला होता. म्या पाह्यलं. लय गोड असंन."

एवढं बोलून ती उठली आणि गेली. तिच्या दारची गाय त्या दिवशी सकाळीच बसली होती ती उठली नव्हती. गोजरबाईला ते माहीत होतं.

गोजरबाई बसून राहिली. इतकी वर्षं ज्या मानाला ती जपत आली होती तो मान आज तिने सगळ्या गावाच्या तहानेतून ओढून काढला होता. तिला स्वतःची शरम वाटली. पहिल्यांदाच वाटली, म्हणून ती कुठे ठेवावी ते तिला कळेना. कडूबा आला, शेजारी बसला.

"साहेब उद्या कोठी हाय?" तिने विचारलं.

"पाडळशाले. चावडीवर."

पाडळशाला. सगळी दुनिया सोडून पाडळशाला.

"मी जाते," ती म्हणाली.

"येऊ काय?"

"तुमचा गुडघा नाही चालत तेवढा. अन् हे माह्यं मलेच निस्तरा लागंन."

सकाळी ती निघाली तेव्हा झुंबरबाई वेशीत उभी होती. काही न विचारता सोबत चालू लागली. दोघी पाटाच्या कडेने गेल्या. आज गोजरबाई वाकली, ओंजळ भरून पाणी प्याली, तोंडावर मारलं. रस्त्यावरच्या दोन माणसांनी पाहिलं. पाहू दे, म्हणाली.

चावडीवर पाडळशाची सगळी मोठी माणसं जमली होती. साहेबांच्या गळ्यात हार होता. पंजाबराव उभा राहून पाटाच्या पाण्याचे गुण सांगत होता. दारातून आत येणारी विहीण पाहून तो मध्येच थांबला.

"इहीनबाई? सिंधू बरी हाय, अजून अवकाश हाय तिले..."

"मी सिंधूसाठी नाही आली, इवाईबुवा. साहेबाशी बोलाचं हाय."

बाई चावडीवर चढून बोलते म्हटल्यावर माणसं सावरून बसली. साहेबांनी ओळखलं. "अरे, डांगरवाल्या बाई! या, या."

"साहेब, काल मी खोटं बोलली," गोजरबाई म्हणाली. आवाज तोच खणखणीत होता, फक्त पदराचं टोक तिने मुठीत घट्ट धरलं होतं. "मानापायी बोलली. लोनखेडीच्या साऱ्या वाड्या जळाल्या. विहिरी आटल्या. ह्या माह्या जावेची गाय मरून राह्यली. तुमी खाल्लं ते डांगर एकाच वाडीत हाय, माह्या. बाकी गावात खाले काही नाही. अन् इवाईबुवा, त्या दिवशी तुमच्या ओसरीवर बी खोटंच बोलली मी. तुमचं ऐकलेलं खरं होतं."

पंजाबरावाची मान खाली गेली. शरम बोलणाऱ्या बाईला वाटायला हवी होती, आणि वाटत होती त्याला. का ते त्यालाही सांगता आलं नसतं.

साहेबांनी पेन काढलं, पण उघडलं नाही. "बाई, काल तुमची वाडी डोळ्यांनी पाहिली. आज तुम्ही वेगळं सांगता. मी काय समजू?"

"तेच सांगाले आली. वाडी डोहात हाय. डोहात ओल राह्यली म्हनून आली. माह्या हाताचा गुन नाही तो, जागेचा हाय." हे वाक्य बोलणं तिला सगळ्यात जास्त जड गेलं. "पानी सोडा साहेब नदीत. एक डाव."

"पाणी सोडलं तर पात्रात जे असेल ते वाहून जाईल. तुमचा तो डोह पहिला भरेल."

"माहीत हाय."

"अजून तर माल उतरायचा आहे तुमचा."

"म्या लावला, मले माहीत नाही काय?"

कोणीतरी हसलं आणि लगेच थांबलं. साहेब पाडळशाच्या माणसांकडे वळले. नदीला पाणी द्यायचं तर पाट काही दिवस बंद ठेवावा लागेल, भुईमुगाला पाणी द्यायची एक पाळी जाईल, असं त्यांनी सांगितलं. एक म्हातारा पुटपुटला, की ज्याची नदी त्याने पाहावं. पंजाबराव उभाच होता. त्याने आपली बसायची सतरंजी उचलली, झटकली आणि गोजरबाईसमोर अंथरली.

"बसा, इहीनबाई." मग तो आपल्या गावाकडे वळला आणि या वेळी त्याचा आवाज मोठा झाला नाही. "एका पाळीनं भुईमूग मरत नाही. मेला तं पह्यला माह्या मरू द्या."

गोजरबाई सतरंजीवर बसली. झुंबरबाईलाही हात धरून शेजारी बसवलं.

पाण्याची दवंडी आली तेव्हा चैत्र लागला होता. उद्या दुपारी पात्रात कोणी राहू नये. सकाळी गोजरबाई आणि कडूबा पाट्या घेऊन डोहात उतरले, तर अख्खं गाव तिथे आलेलं. ज्या बाया कवडीच्या दिवशी हसल्या होत्या त्या गुडघ्यावर बसून वेलांतून पिकली डांगरं शोधत होत्या. उत्तमराव स्वतः डोक्यावर पाटी घेऊन काठ चढत होते, बोट उचलायला हात मोकळा नव्हता. पिकलेला माल निघाला, पण तो थोडा. हिरवी डांगरं वेलांवर तशीच राहिली, मुठीएवढी, काही नारळाएवढी. झुंबरबाईने एक तोडायला हात घातला.

"नोको तोडू," गोजरबाई म्हणाली. "कच्चं हाय. त्याचं त्याले जाऊ दे."

शेवटी ती एकटीच वाडीत उरली. तुऱ्हाट्यांचा आडोसा तिने हाताने सरळ केला, कुठे वाकला होता तिथे. काही गरज नव्हती. पण पाणी आलं तर नीट लावलेल्या वाडीवर यावं, पडझडीवर नको, असं तिला वाटलं. मग ती काठावर चढली.

पाणी आलं ते आवाज न करता. आधी वाळू काळी झाली, मग त्यावर फेसाची एक रेघ पुढे सरकली, पालापाचोळा ढकलत. ढोरांना वास लागला. दावणीतून ओढ घेऊन ती धावत सुटली आणि गुडघाभर पाण्यात उभी राहून पिऊ लागली. झुंबरबाईच्या गाईला चौघांनी उचलून आणलं होतं, तिने मान टाकूनच पाणी ओढलं. बाया ओरडत होत्या, कोणी हसत होतं, एक म्हातारी नदीला शिव्या घालत होती, फार दिवसांच्या साठवलेल्या. डोह भरला. आडोसा तिरपा झाला, मग दिसेनासा झाला. हिरवी डांगरं वेलांपासून सुटून वर आली आणि एकामागून एक खाली मोठ्या पूर्णा नदीकडे निघाली. ती सुंदर दिसत होती. गोजरबाईच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसत नव्हती, मानही खाली घालत नव्हती.

साहेबांची जीप काठावर येऊन थांबली. पाणी कुठवर पोचतं ते पाहत ते धरणापासून नदीच्या कडेने आले होते. ते उतरले, डोहाकडे पाहत राहिले. मग टोपी काढून गोजरबाईजवळ आले.

"बाई, या वाडीचं नुकसान मी वेगळं लिहितो. सरकारने पाणी सोडलं म्हणून गेली. भरपाई मिळायला हवी."

"ते नोका लिहू, साहेब."

"का?"

"वरल्या वाळूतल्या वाड्या गेल्या, ते लिहा. विहिरी आटल्या, ढोरं मेली, गाळ आला नाही, ते सारं लिहा. ते धरनानं नेलं." तिने डोहाकडे हात केला. पाण्याबरोबर शेवटचं डांगर वळण घेत होतं. "हे कोनं नेलं नाही. हे आमी देल्लं."

साहेब पेन हातात धरून उभे राहिले. कडूबा काठी टेकत पुढे आला, बायकोच्या शेजारी उभा राहिला. सगळं गाव ऐकेल इतक्या मोठ्याने तो आयुष्यात कधी बोलला नव्हता.

"अन् लिहाच लागंन, साहेब," तो म्हणाला, "तं तसंच लिहा."